उतारा न वाचण्याची कार्यपद्धती

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सध्या एक कागद लावलेला आहे. वर माझा फोटो, खाली 'श्री. कमलाकांत सावे' आणि त्याच्याखाली लाल अक्षरांत 'यशाचे शिल्पकार'. फोटो कंपनीच्या ओळखपत्रावरचा आहे, त्यामुळे शिल्पकार जरा घाबरलेला दिसतो. रोज सकाळी कामावर जाताना मी त्या बोर्डासमोरून मान खाली घालून जातो. कागद काढता येत नाही, कारण काचेची किल्ली सेक्रेटरी धर्मेशकडे असते, आणि मी किल्ली मागितली की तो माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणतो, "सावेसाहेब, विनय पुरे आता!" हा विनय नाही, लाज आहे, हे त्याला सांगायचा धीर मला झालेला नाही. म्हणून इथे सांगतो.

मी बोईसरच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची लेखी कार्यपद्धती असते. तिला एसओपी म्हणतात. हात कसे धुवावेत याची सात पानी एसओपी मी स्वतः लिहिलेली आहे. ती तंतोतंत पाळली तर हात धुवायला अकरा मिनिटं लागतात. जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची आहे, पण तो प्रश्न दुसऱ्या विभागाचा. सतरा वर्षं असं काम केल्यावर माणसाला असं वाटू लागतं की जगात जे जे बिघडतं ते एसओपी नसल्यामुळे बिघडतं.

माझी मुलगी हेमाली पाचवीत होती. आमच्या जिल्ह्यात सहावीपासून एक सरकारी निवासी शाळा आहे. तिथं एकदा मूल आत गेलं की बारावीपर्यंत आईबापांनी बघायचं नाही, इतकं चांगलं असतं म्हणतात. त्यासाठी प्रवेश परीक्षा असते. गणित, बुद्धिमत्ता आणि भाषा. भाषेत चार उतारे, प्रत्येकाखाली पाच प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाला अ, ब, क, ड असे चार पर्याय. त्यातला एक गोल काळा करायचा. हेमालीचं गणित बरं होतं. अडचण उताऱ्याची होती. अडचण अशी, की ती उतारा वाचायची.

म्हणजे वाचतच बसायची. एका उताऱ्यात कुंभाराचं गाढव चिखलात रुततं. प्रश्न होता, कुंभार कोणत्या वस्तू घेऊन बाजाराला निघाला होता? हेमाली पेन्सिल तोंडात धरून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, गाढव निघालं का चिखलातून?"

"ते उताऱ्यात नाही."

"मग उतारा मधेच कसा काय संपवला?"

अशा मुलीचे वीसपैकी नऊ येत. मी ही चिंता जिन्यात धर्मेशला बोलून दाखवली, आणि आमच्या इमारतीत एकाला सांगणं म्हणजे पाण्याच्या टाकीवर चढून ओरडण्यासारखंच. तळमजल्यावरच्या काकूंनी भिजवलेले बदाम सुचवले. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "शंका आली की क. आयुष्यभराचा अनुभव आहे." त्यांनी आयुष्यात कोणती परीक्षा दिली ते मी विचारलं नाही. धर्मेशने मात्र मला बाजूला घेतलं. त्याचा भाचा वापीला कुठल्याशा क्लासला जातो. तो आवाज खाली आणून म्हणाला, "सावेसाहेब, उतारा वाचायचा नसतोच! आधी प्रश्न वाचायचा. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा. सापडला की आजूबाजूचं बघायचं, गोल काळा करायचा, पुढे जायचं. पोरं उगाच भावनेत अडकतात."

हे मला इतकं पटलं की मी त्याच रविवारी एसओपी लिहायला घेतली. हेतू, व्याप्ती, जबाबदारी, सगळं रीतसर. नियम एक, उतारा आधी वाचू नये. नियम दोन, प्रश्नातला महत्त्वाचा शब्द उताऱ्यात शोधून अधोरेखित करावा. नियम चार, ज्या पर्यायात 'नेहमी', 'सर्व' किंवा 'कधीच नाही' असे टोकाचे शब्द असतील तो पर्याय प्रथम खोडावा, कारण परीक्षक असे शब्द मुलांना फसवायला घालतात. नियम सात, तरीही दोन पर्याय उरल्यास क. (हा पोस्टमास्तरांचा. त्यांचं नाव तळटीपेत दिलं आहे.) नियम नऊ, उताऱ्याबाहेरचे प्रश्न विचारू नयेत. हा खास हेमालीसाठी होता.

माझी बायको हिना हिने सगळं शांतपणे वाचलं आणि विचारलं, "यात वाचन कुठे आहे?"

"ते गृहीत आहे," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर तिचं काही न बोलणं मला ऐकू येतं, पण त्या दिवशी मी ऐकलं नाही.

एकट्या हेमालीसाठी एवढी एसओपी वाया घालवणं बरं दिसेना. सोसायटीच्या ऑफिसात शनिवार-रविवार संध्याकाळी पाच वाजता वर्ग सुरू झाला. इमारतीतली आठ मुलं येऊ लागली. मी पांढऱ्या फळ्यासमोर उभा राहून 'टोकाचे शब्द' हा विषय समजावायचो. कंपनीत माझं कोणी एवढं ऐकून घेत नाही, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

आमच्याकडे किनाऱ्यावरच्या नवापूरहून शकूताई मासे घेऊन येतात. एके दिवशी टोपली दारात ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी पोरांना परीक्षेचं शिकवता म्हनं? माजी सपना पन पाचवीलाच हाय. बसवाल काय तिला कोपऱ्यात?"

"कोपऱ्यात कशाला? पहिल्या रांगेत बसेल," मी म्हटलं. स्वतःचाच आवाज मला फार आवडला.

"मोठी पोर शाला सोडून माज्यासंगं टोपली घेऊन बसली," शकूताई म्हणाल्या. "हुशार होती. पन मीच बसवली, काय करनार. ही एक तरी बसाया नको. फी काय ती सांगा."

"फी कसली? मी व्रत म्हणून करतो."

त्या दिवसापासून आमच्या वाट्यात चार बोंबील जास्त येऊ लागले. मी नको म्हणायचो, पण ताट पुढ्यात आल्यावर म्हणायचो नाही. हिनाच्या ते लक्षात यायचं.

मग सपनाचा फॉर्म. तो ऑनलाइन भरायचा होता आणि त्यावर वडिलांची सही पाहिजे होती. वडील सातपाटीच्या एका बोटीवर खलाशी, आणि बोट समुद्रात. बोट परत येणार नक्की कधी, तर "मासली गावली का येतील." फॉर्मच्या वेबसाईटला हे उत्तर चालत नव्हतं. शेवटची तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा बोट येत असल्याचं कळलं आणि मी अर्धा दिवस रजा टाकून स्कूटरवरून सातपाटीच्या बंदरावर गेलो. चिखलात गुडघाभर उतरून मी त्या गृहस्थांना गाठलं. त्यांना वाटलं मी बँकेचा माणूस आहे. ते बोटीच्या पलीकडच्या बाजूने उतरले. मी "सपना! सपना!" असं ओरडत मागे, आणि बंदरावरच्या बायका कमरेवर हात ठेवून बघतायत. शेवटी सही झाली. कागदावर एक खवला चिकटून राहिला होता. तो सही स्कॅन करताना दिसला आणि वेबसाईटने 'सही अस्पष्ट' म्हणून तीनदा परत पाठवली. चौथ्यांदा हिनाने खवला नखाने काढला. पण फॉर्म गेला. या एका कामाचा मला इतका अभिमान वाटला की पुढच्या चार महिन्यांत मी ही हकिगत किमान तीस लोकांना सांगितली.

आता सपनाबद्दल सांगायला हवं. वर्गातल्या पहिल्या चाचणीत तिने उताऱ्याच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि ओठ हलवत पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सगळा उतारा वाचला. मग कागद पालथा घातला, डोळे मिटून थोडा वेळ बसली, आणि न बघता उत्तरं लिहिली. वीसपैकी वीस.

मी अस्वस्थ झालो. उत्तरं बरोबर होती, पण पद्धत नव्हती. आमच्या क्षेत्रात याला फार गंभीर मानतात.

"सपना, तू उतारा आधी का वाचलास?"

"मंग कलनार कसं, काका?"

मुलं हसली. माझे कान तापले. मी तिला समजावलं, की परीक्षेत वेळ कमी असतो, सगळं वाचत बसलो तर मागे पडतो, लागेल तेवढंच बघायचं असतं.

ती म्हणाली, "आमच्याकडं मच्छीमार सोसायटीची नोटीस लागली का मीच वाचून दाखवते सगल्यांना. बोटी कवा न्यायच्या नायत ती तारीख एकदम खालच्या ओलीत असते. आर्धीच वाचली तर मारतील ना मला."

सतरा वर्षं गुणवत्ता विभागात काढलेल्या माणसाने खरं तर इथेच मार्कर ठेवून खाली बसायला हवं होतं. मी म्हटलं, "बाळ, नोटीस वेगळी आणि उतारा वेगळा."

तिला सुधारायला मला तीन आठवडे लागले. मुलगी आज्ञाधारक होती. तिने ओठ हलवणं सोडलं, ओळीखाली बोट ठेवणं सोडलं, प्रश्नातला शब्द शोधून फटाफट रेघा मारायला लागली. डिसेंबरात तिला वीसपैकी सोळा आले, वेळ मात्र निम्मा लागला. मी वहीत शेरा लिहिला, 'पद्धत आत्मसात'. गेलेले चार गुण मी 'इतर कारणे' या रकान्यात टाकले. इमारतीतल्या मुलांचे मात्र गुण वाढले होते. ती आधी नुसतेच गोल काळे करत असल्यामुळे त्यांना कुठल्याही पद्धतीने फायदाच होणार होता, हे आत्ता लक्षात येतं.

हेमाली वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसायची आणि बहुतेक वेळ वहीत गाढवं काढायची.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण धर्मेशने एसओपीचे फोटो काढून तीन-चार ग्रुपवर पाठवले. आठवड्याभरात पालघरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ते 'सावे सरांचे नऊ नियम' या नावाने हातोहात जाऊ लागले. पाम गावच्या एका शाळेत मला बोलावणं आलं. साठ मुलं जमिनीवर मांडी घालून बसली होती. मी नियम सांगितले, त्यांनी एका सुरात म्हटले. 'नेहमी' असेल तर? "खोडाऽऽऽ!" तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. अभिमानाने. मला शाल आणि नारळ मिळाला. ती शाल मी घरी तीन दिवस सोफ्याच्या पाठीवर ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. शेवटी चौथ्या आवृत्तीची चकचकीत लॅमिनेट केलेली कार्डं काढली. पहिलं कार्ड माझ्या सहीने सपनाला दिलं. तिने ते दप्तराला दोरीने बांधलं.

परीक्षा जानेवारीत, पालघरला. धर्मेशच्या इको गाडीत आम्ही सगळे गेलो. त्या दिवशी शकूताईही बाजार बुडवून आल्या होत्या, धुतलेलं पातळ नेसून, केसात अबोली माळून. गेटपाशी सपना माझ्या पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "नियम विसरू नकोस."

"नाय विसरनार, काका."

दोन तासांनी मुलं बाहेर आली. उत्तरपत्रिका आत जमा, प्रश्नपुस्तिका मुलांच्या हातात. माझ्याभोवती पालकांचं कोंडाळं जमलं. मी एक पुस्तिका घेतली आणि तिथेच, उन्हात उभ्या उभ्या, एसओपीप्रमाणे उत्तरं सांगू लागलो. शेवटचा उतारा रस्त्याकडेला बसून वाटसरूंना पाणी देणाऱ्या एका म्हातारीचा होता. प्रश्न, ती पाणी का देत असे? अ, पुण्य मिळावे म्हणून. ब, तिला गप्पा मारायला आवडत. क, गावाने तिला मान द्यावा म्हणून. ड, परगावी गेलेल्या आपल्या मुलाला नेहमी कुणीतरी पाणी द्यावे, असे तिला वाटे.

"ड मध्ये 'नेहमी' आहे, खोडा!" मी गर्जलो. "गाव, मान, दोन्ही शब्द उताऱ्यात आहेत, हे बघा. उत्तर क!"

कोंडाळ्यातून वा-वा झालं. मी विचारलं, "सपना, तू काय केलंस?"

"क," ती हळूच म्हणाली.

"शाब्बास! हेमाली?"

"ड."

मला भर चौकात कुणी पगडी उडवल्यासारखं झालं. ज्यांनी नियम केले त्यांच्याच घरात हा अनाचार! मी विचारलं, "ड कसं? नियम चार काय आहे?"

"पण बाबा, शेवटी तिनं स्वतःच सांगितलंय ना."

"कोणी?"

"म्हातारीनं."

"म्हातारी काय सांगते ते मला ऐकायचं नाही! पर्यायात काय दिलंय ते बघ!"

हे वाक्य मी इतक्या मोठ्याने बोललो की रस्त्यापलीकडचा उसाचा रसवाला चरक थांबवून बघायला लागला. हेमाली रडायला लागली. शकूताईंनी तिला जवळ ओढून पदराने तिचे डोळे पुसले. "वरडू नका, भाऊ. लेकरू हाय. एखादं चुकतं." सपना एकदा हेमालीकडे आणि एकदा स्वतःच्या पुस्तिकेकडे बघत होती. ती बघत होती हे मला आठवतं. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

निकाल मार्चमध्ये लागला. हेमालीचं नाव यादीत होतं. सपनाचं नव्हतं. इमारतीतल्या बाकी मुलांपैकी कुणाचंच नव्हतं, आणि पामच्या साठांपैकीही कुणाचं असल्याचं ऐकण्यात आलं नाही. धर्मेशने यातून जो निष्कर्ष काढला तो आता बोर्डावर आहे.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर उत्तरसूची उघडली. शेवटचा उतारा, तिसरा प्रश्न. उत्तर ड. मी म्हटलं, छापण्यात चूक असेल. तक्रार करावी म्हणून घरी जाऊन हेमालीची पुस्तिका काढली आणि आधार म्हणून उतारा वाचायला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. एकूण अकरा ओळी होत्या. म्हातारी रोज सकाळी रांजण भरून वडाखाली बसते. लोक म्हणतात, पुण्य हवंय. मुलं म्हणतात, गप्पा हव्यात. सरपंच म्हणतात, गावात मान हवाय. म्हातारी कुणालाच काही सांगत नाही. एकदा एक वाटसरू तिलाच विचारतो. आणि शेवटच्या ओळीत, एकदम खालच्या ओळीत, ती म्हणते, "माझा मुलगा कामासाठी लांब गेलाय, बाबा. मी दुसऱ्याच्या लेकराला पाणी दिलं, तर माझ्या लेकराला नेहमी कुणीतरी देईल."

मी पुन्हा वाचला. हिना चहा घेऊन आली होती. तिने माझं तोंड बघितलं आणि कप ठेवून आत गेली. मला इतकी लाज वाटली की मी तो चहा प्यायलो नाही. दुसऱ्याचं लेकरू माझ्याकडे आलं होतं. त्याला वाचता येत होतं. मी ते तीन आठवडे मेहनत घेऊन घालवलं.

आमच्या कंपनीत काही बिघडलं की एक फॉर्म भरतात. काय घडलं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय कराल. मूळ कारणाच्या चौकटीत माणसाचं नाव लिहायची परवानगी नसते. नेहमी पद्धतीचा दोष लिहायचा. पण इथे पद्धतही मीच होतो.

रविवारी मी नवापूरला गेलो. शकूताई घरामागे बोंबील वाळत घालत होत्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टाकायची, असं भराभर चाललं होतं. बांबूच्या टोकाला दोरीने काहीतरी चकचकीत टांगलेलं होतं. ते वाऱ्यावर गरागरा फिरत होतं आणि उन्हात चमकत होतं. जवळ गेल्यावर कळलं, ते माझं कार्ड. चौथी आवृत्ती, सहीसकट.

"कावले येत नाय त्याच्यानं," शकूताई हसून म्हणाल्या. "लई चांगलं हाय. बसा ना, भाऊ. हेमालीचं आइकलं. गोड वाटलं बघा. थांबा, तिच्यासाटी सुके बोंबील बांधून ठेवलेत. तिकडं शालेत काय खायला देतात कोन जाने."

मी पालथ्या टोपलीवर बसलो. येताना स्कूटरवर पूर्ण भाषण तयार केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी म्हटलं, "शकूताई, सपनाचं नाव आलं नाही ते माझ्यामुळे."

"असं कसं? तुमी तर शिकवलंत."

"तेच सांगतोय. तिला येत होतं. मी चुकीचं शिकवलं. मी स्वतः तो उतारा वाचलाच नव्हता."

त्यांचे हात थांबले नाहीत. चार-पाच जोड्या टाकून झाल्यावर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंग मी पोरीला येवढी लांब कशाला धाडली, भाऊ? हितं माज्याजवल बसून वाचली असती."

मी माझ्या बुटांकडे बघत बसलो.

सपना दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आत जाऊन तिने प्रश्नपुस्तिका आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. भाषेचा भाग उघडला. वीसपैकी सात प्रश्नांसमोर, बरोबर पर्यायाच्या बाजूला, पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. आणि त्या प्रत्येक ठिपक्यावर फुली. पुढे दुसरा पर्याय, गोल केलेला.

"हे ठिपके कधी केलेस?"

"तितंच. परीक्षेत." ती पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होती. "मी आदी सगलं वाचलं काका, चोरून. उत्तर माहीत झालेलं. पन तुमी सांगितलेलं ना, 'नेहमी' असलं का खोडायचं. मंग मी खोडलं. मला वाटलं, माजंच चुकत असंल."

मी चष्मा काढून पुसला. पुसायची एसओपी आहे, पण मी शर्टानेच पुसला.

मग तिनेच विचारलं, "आता वाचला काय तुमी उतारा?"

"वाचला."

"पुरा?"

"पूर्ण. दोनदा."

"मंग सांगा, त्या बाईचा पोरगा आला काय परत?"

ते उताऱ्यात नाही, हे माझ्या जिभेवर आलंच होतं. नियम नऊ. पण कार्ड माझ्या डोक्यावर फिरत होतं आणि मला हेमालीचं गाढव आठवलं. मी म्हटलं, "आला असेल गं."

"नाय आला," शकूताई पाठमोऱ्याच म्हणाल्या. सपनाने घरी त्यांना तो उतारा कधीच वाचून दाखवला असावा. "आला असता तर रोज सकाली रांजन भरून बसली कशाला असती ती?"

सपनाने मान हलवली. तिला ते आधीच कळलं होतं. मी पुस्तिका उलटवून पुन्हा उतारा पाहिला. पहिल्याच ओळीत होतं, 'आजही रोज सकाळी'. दोनदा वाचूनही मला ते दिसलं नव्हतं.

मी उठलो. शकूताईंनी बोंबलांचं पुडकं माझ्या हातात दिलं. मी मागे सरकलो. "नको ताई, मला नाही घेववत."

"तुमाला कोन देतंय?" त्या म्हणाल्या. "हेमालीला हाय. ती लांब चाललीय. तिची काय चूक?"

पुडकं घेऊन मी स्कूटरपाशी आलो तेव्हा सपना मागून धावत आली. "काका, नववीला परत परीक्षा असते ना त्या शालेची?"

"असते."

"मंग हेमालीची गोष्टींची पुस्तकं मला आनून द्याल? शिकवू नका. नुसती आना."

पुढच्या रविवारी मी दोन पिशव्या भरून पुस्तकं नेऊन दिली आणि काही न बोलता परत आलो. हेमाली जूनमध्ये शाळेत गेली, बोंबील संपल्याचं तिचं पत्र आलं, आणि शकूताईंनी न सांगता पुन्हा पुडकं दिलं. टोपली घेऊन त्या येतात तेव्हा बोर्डासमोर क्षणभर थांबतात, माझा फोटो बघतात आणि जिना चढायला लागतात. काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नाही, आणि सपनाने त्यांना अजून वाचून दाखवलेलं नाही. उद्या मी धर्मेशकडे पुन्हा किल्ली मागणार आहे.